मालकाच्या संमतीवाचून

ठाणे, नौपाडा
ता. १४ ऑक्टोबर १८८९

विश्राम,

मायन्यात आधी 'राजमान्य राजश्री' लिहिलं होतं, ते खोडलं. तुला हसू आलं असतं, आणि अठरा वर्षांनी तुला हसवायचं ते असल्या गोष्टीनं नको. मी हरिहर. कल्याणला विठ्ठलपंत मास्तरांच्या ओटीवर तुझ्या शेजारी बसून इंग्रजी गिरवणारा हरी. आता इथल्या कचेरीत ट्रान्सलेटर आहे. लोकांच्या मराठी फिर्यादी साहेबासाठी इंग्रजीत करून देतो, त्यावर पोट चालतं.

हे पत्र खरं तर माझं नाही. काल तुझे बाबा, धाकूकाका आले. कल्याणहून आगगाडीनं आले आणि स्टेशनपासून घरापर्यंत वाट विचारत चालत आले. ओटीवर टेकले, पाणी प्यायले आणि तुझ्या पत्त्याचा चुरगळलेला कागद माझ्यापुढे धरला. इतके लोक पत्रं लिहून देतात, मग माझ्याकडेच का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनीच सांगितलं. "त्याला घालवाचा कागुद तूच लिवलास. आथां आनाचा बी तूच लिव."

ते बोलले तसंच पुढे उतरवतो. तुला घरचा आवाज ऐकू यावा म्हणून व्याकरणाला हात लावलेला नाही.

"पोरा, मी बरा हाय. होडी इकली. डोल्यांवर धुकं आलंय. मानूस जवल आला त आवाजावरनं वलखतो. अजून तोंड दिसतंय, पन अर्धंच. तवर ये. मंग आलास त तुला मी बगनार नाय, तूच मना बगशील. त्यात काय मजा."

एवढं सांगून ते उठायला लागले. मी विचारलं, आणखी काही? तर म्हणाले, "अजून काय लिवाचं रं, पोराला कलतंय."

मोतीबिंदू आहे. डॉक्टरला दाखवलं, तो शस्त्राचं नाव काढतो, पण काका डोळ्याला लोखंड लावू देणार नाहीत. होळीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल, असं डॉक्टर म्हणतो. तेव्हा विश्राम, ये. कराचीहून बोट मुंबईला येते, तिथून कल्याण किती लांब आहे?

जुन्या गोष्टीबद्दल मला वाईट वाटतं, हे लिहायला हवं म्हणून लिहितो.

तुझा
हरिहर

---

ठाणे
ता. १६ नोव्हेंबर १८८९

विश्राम,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी आहेत, आणि तुझ्या सवयीप्रमाणे एकही शब्द जास्तीचा नाही. 'बाबांना इकडे पाठव, बोटीचं मी बघतो. त्या जिल्ह्याच्या दप्तरात मी चोर आहे, तिथे पाय ठेवणार नाही. डोळ्यांचं म्हणशील तर मलाही आता चष्म्याशिवाय ओळ दिसत नाही. तुझं अक्षर मात्र पाकिटावरच ओळखलं.'

काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी खाडीचा मानूस. दर्यात कशाला घालतोस मना?" ते येणार नाहीत. तू येणार नाहीस. मी मधे बसलोय, हातात टाक घेऊन.

म्हणून आज माझ्याच मनानं लिहितोय. फाडलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

तुला मास्तरांचा शनिवार आठवतो का? आठवडाभर शब्द पाठ करायचे आणि शनिवारी फिर्याद लिहायची. दुसऱ्या कुठल्या मास्तरानं पोरांना असं शिकवलं असेल असं मला वाटत नाही. मास्तरांचं म्हणणं, इंग्रजीत मागणं कोणालाही येतं, आळ घेणं जमलं की भाषा आली. कावळ्यानं मास्तरांच्या बायकोचा, गंगुबाईंचा पापड पळवला, लिहा फिर्याद. मांजरानं दूध सांडलं, लिहा. भरतीनं माझी वहाण नेली तेव्हा तर आपण खाडीवरच फिर्याद केली, आणि खाडीला हजर कसं करायचं यावर दोन तास भांडलो.

मी कावळ्याच्या फिर्यादीत त्याला दुष्ट, निर्लज्ज, सराईत असं सगळं म्हणून घेतलं होतं. तू लिहिलंस, 'सकाळी सूप उन्हात होतं. त्यात सात पापड होते. कावळा सुपावर बसला. कावळा उडाला तेव्हा सुपात सहा पापड होते.' मास्तर तुझी पाटी किती वेळ बघत बसले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हरी, तुझा नगारखाना जरा थांबव. कावळ्यानं चोरला हे तू पाहिलंस? तू पाहिलंस ते लिही. ऐकलंस ते ऐकलं म्हणून लिही. तुला वाटलं ते लिहूच नकोस, त्यासाठी साहेबाला पगार आहे." गंगुबाई आतून म्हणाल्या, "मेल्यानं सहावा पण नेलाय, तेवढं घाला त्यात." पापड उरले पाच आणि तुझी फिर्याद खोटी ठरली, त्या दिवशी मला किती आनंद झाला होता ते मला अजून आठवतं.

तुझी जागा ओटीच्या पायरीवर, माझी वर. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पुस्तकांना मात्र मास्तरांचा नियम एकच होता. फडताळातलं पुस्तक घरी न्यायचं तर त्याच्या जागी आपली एक वस्तू ठेवायची, आणि तीही अशी, की जिच्यावाचून आपलं अडेल. म्हणजे पुस्तक लवकर परत येतं. मी टोपी ठेवायचो, कारण बोडक्यानं घरी गेलो की वडील ओरडायचे. तू ठेवायचास काकांच्या होडीची खुंटी. वल्हं जिला अडकवतात ती. काका किनाऱ्यावरून शिव्या घालत असायचे, आणि तू कोश छातीशी धरून, बोटांवर शब्द मोजत, पळत यायचास. तो जाडजूड इंग्रजी कोश आपल्या दोघांत जास्त वेळा तूच नेलास.

आता त्या कागदाचं. तुला जे ठाऊक आहे तेच आधी सांगतो. मास्तर गेले तेव्हा कोश तुझ्याकडे होता. सुतकाच्या घरात पुस्तक घेऊन कसं जायचं, गंगुबाईंना ते कसं दिसेल, म्हणून तू तेरावा होईस्तोवर थांबलास. तुझ्या जागी मीही थांबलो असतो, आपल्याकडचा कोणीही थांबला असता. पण मास्तरांचे चुलतभाऊ पाचव्या दिवशीच पुस्तकं मोजायला बसले. यादी करायला मला बोलावलं, कारण पुस्तकांची नावं इंग्रजीत. कोश नाही म्हटल्यावर त्यांनी कांगावा केला. कोणाकडे असेल, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, विश्रामकडे. ते म्हणाले, मग फिर्याद लिही, इंग्रजीत लिही. मराठी अर्ज गठ्ठ्यात जातो, इंग्रजी अर्ज साहेबाच्या हातात जातो.

मी एकोणीस वर्षांचा होतो. आयुष्यातली पहिली खरी फिर्याद. दोन दिवस मी 'नेले' आणि 'चोरले' यांच्यात घोळत होतो. 'नेले' लिहिलं की वाक्य लंगडं वाटायचं. शेवटी लिहिलं की विश्राम धाकू यानं 'डिसऑनेस्टली', म्हणजे लबाडीच्या हेतूनं, मालकाच्या संमतीवाचून कोश काढून नेला. वाक्य पाच ओळींचं झालं. मी ते मोठ्यानं वाचून पाहिलं आणि, तुला खरं सांगतो, मला तुझी आठवणसुद्धा झाली नाही. फक्त वाक्य किती छान झालं हेच मनात होतं.

कोर्टात ते वाचलं गेलं तेव्हा तू मान वर करून थेट माझ्याकडे बघितलंस. नगारखाना कोणाचा ते तुला कळलं. साहेबानंही विचारलं, हे इंग्रजी कोणाचं? तुला महिन्याची साधी कैद झाली आणि मला कचेरीत नोकरी लागली. एकाच कागदावर.

चुकलं माझं. शब्द जड निवडला. एवढंच मला कबूल करायचं होतं. तू ये.

हरिहर

---

ठाणे
ता. ५ डिसेंबर १८८९

विश्राम,

मागचं पत्र खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. कावळ्याच्या फिर्यादीत सहावा पापड सांगायचा राहिला, तसं.

काका दर रविवारी येतात. तुझं उत्तर आलं का विचारतात, आणि नाही म्हटलं तरी बसतात. माझी बायको सुमती त्यांना भाकरी आणि सुकटीची चटणी देते. आमच्या घरात सुकट शिजते हे माझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर माझ्यावरही एक फिर्याद झाली असती. गेल्या रविवारी वारा फार होता. खिडकी आपटत होती, म्हणून काका ती लावायला उठले. तिच्या कडीत सुमती एक लाकडाची खुंटी घालते. काकांचा हात तिच्यावर पडला आणि तिथेच राहिला.

त्यांनी ती काढली. अंगठ्यानं चाचपली. डोळ्यांजवळ नेलीसुद्धा नाही.

"बाभलीची हाय," ते म्हणाले. "हितं खाच हाय ना, ती मीच मारलेली. वल्हं सरकत होतं म्हनून."

सुमती म्हणाली, "ती यांच्या जुन्या पेटीत होती, मी खिडकीला घेतली."

काकांनी खुंटी मुठीत घट्ट धरली. मला वाटलं, ओरडतील. तुला माहीत आहे त्यांचा गळा, एका काठावरून हाक मारली की दुसऱ्या काठाची माणसं वळून बघायची. ते अगदी हळू म्हणाले, "हरी, पोराला लिव. या टायमाला मी सांगत नाय. तूच सांग."

मग सांगतो. ते बोलले नसते तर मी हे कधी लिहिलं असतं का, मला ठाऊक नाही.

पाचव्या दिवशी यादी करायला फडताळ उघडलं तेव्हा कोशाच्या जागी खुंटी होती. चुलतभाऊ पाठमोरे होते. मी ती उचलून खिशात घातली. त्या क्षणी माझ्या मनात पाप नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तुला नेऊन द्यावी म्हणून घेतली, असं. असेलही. पण नंतर दोन दिवस मी वाक्य जुळवत बसलो, ते 'नेले' आणि 'चोरले' यांसाठी नव्हे. 'संमतीवाचून' या एका शब्दासाठी. खुंटी फडताळात असेल तर मास्तरांची संमती होती, आणि मग फिर्यादच उरत नाही. ती माझ्या खिशात असेल तर वाक्य उभं राहतं. मी दोन्हीकडे बघितलं आणि वाक्य ठेवलं.

आणि नोकरी. ठाण्याच्या कचेरीत इंग्रजी जाणणारा एक माणूस हवा होता. आपण दोघांनी अर्ज केले होते. मास्तरांनी शिफारस कोणाची केली होती, हे त्यांच्या कागदांत मी त्याच दिवशी वाचलं. तुझी केली होती. तो कागद चुलतभावांनी इतर रद्दीबरोबर बंबात घातला आणि मी घालू दिला.

तू कोर्टात म्हणालास, खुंटी ठेवली होती. शिपाई पाठवून फडताळ बघितलं, रिकामं. गंगुबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, मी काही पाहिलं नाही. त्या खरंच बोलल्या, विश्राम. त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी खोटी साक्ष दिली असं तू धरून बसलास आणि परत त्यांना एक ओळ लिहिली नाहीस. त्या जाईपर्यंत मला विचारायच्या, विश्राम माझ्यावर का रुसला रे? मी म्हणायचो, लांब आहे, कामात असेल. माझ्या सगळ्या खोट्यांत हे मला सगळ्यात जास्त सलतं.

तो कोश चुलतभावांनी मला बक्षीस म्हणून दिला. माझ्या फडताळात आहे. तुझ्या बोटांचे मासळीचे डाग अजून 'टी'च्या पानांवर आहेत. त्याच कोशातून शब्द काढून मी सोबतचा इंग्रजी मसुदा लिहिला आहे. ही फिर्याद हरिहर याच्यावर आहे.

पहिल्या खेपेला पानभर झाली. मी स्वतःला नीच, कृतघ्न, विश्वासघातकी असं सगळं म्हणून घेतलं होतं. वाचली तर पुन्हा मजा वाटायला लागली, म्हणून फाडली. नगारखाना स्वतःच्या निंदेतही वाजतोच. आता मास्तरांच्या नियमानं लिहिली आहे. खुंटी कोशाच्या जागी होती, हे मी पाहिलं. ती मी उचलली. ती खिशात घातली, मग पेटीत लपवली. आरोपीनं कोर्टात तिचं नाव घेतलं, ते मी ऐकलं. मी बोललो नाही. एवढ्याच पाच ओळी. एका जागी अडलोय. ती पेटीत ठेवली याला मी 'हिड' लिहिलं आहे, साधं 'लपवली'. कोर्टात 'कन्सील्ड' जास्त भारदस्त दिसतं. तू सांग.

तू तपासून परत पाठव. शनिवारी एकमेकांच्या पाट्या तपासायचो, तसं. तू 'बरोबर आहे' असं कळवलंस की लगेच मी ती साहेबापुढे ठेवीन, म्हणजे त्या दप्तरात तुझ्या नावापुढे दुसरा कागद लागेल. नोकरी जाईल. जाऊ दे. सुमतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या खुंटीनं खिडकी लावत होते, आणि तुम्ही बघत होतात." खुंटी काका घेऊन गेले.

होळी लांब नाही.

हरी

---

ठाणे
ता. १२ जानेवारी १८९०

विश्राम,

आज दुपारी तुझं पार्सल आलं. रविवार असल्यानं काका ओटीवरच होते. वर तुझं अक्षर, कापडाची शिवण घट्ट, सुमतीला कात्री घ्यावी लागली. मी आधी मसुदा शोधला. नव्हता. पत्रही नव्हतं. आत नुसता एक चष्मा.

मला वाटलं, तू तो वडिलांच्या डोळ्यांसाठी पाठवलास. मनातून थोडा रागही आला. एवढं सगळं लिहिल्यावर चष्मा? मोतीबिंदूला चष्म्याचा काय उपयोग, हे कराचीत कोणी सांगितलं नाही का? सुमतीनं तो काकांच्या नाकावर चढवला. त्यांनी इकडेतिकडे मान फिरवली आणि म्हणाले, "धुकंच हाय. आथां गोल धुकं."

मग त्यांनी तो काढला आणि हातानं चाचपला. एका काडीला दोरा गुंडाळलेला होता, घामानं काळा पडलेला. नाकावरचं पितळ झिजलेलं.

"ह्यो नवा नाय," ते म्हणाले. "वापरातला हाय. त्याचाच हाय ह्यो." आणि थोड्या वेळानं, "तुझा कागुद परत आला का?"

मी म्हणालो, नाही. कागद त्यानं ठेवून घेतला.

काका हसायला लागले. किती वर्षांनी मी त्यांना हसताना पाहिलं. कमरेची खुंटी काढून त्यांनी चष्म्याशेजारी ठेवली. रोज कमरेला लावूनच फिरतात ते. सुमती आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी काकांनीच तिला सांगितलं, "अगं, मास्तरच्या घरचा रिवाज हाय तो. कागुद नेला त्यानं. त्याच्या जागी आपली वस्तू ठेवली. आथां चष्म्याबिगर तो करंल काय तिथं? येल तो."

चष्मा मी फडताळात ठेवला आहे, कोशाशेजारी. काका दर थोड्या वेळानं उठून हात लावून बघतात, आहे ना म्हणून.

हे पत्र टपालात टाकणार नाही. चष्मा इथे आहे, तुला ते वाचता यायचं नाही. कोशाच्या 'टी'च्या पानांत घालून ठेवतो. आलास की इथेच ओटीवर वाच, वरच्या बाजूला बसून, आणि चुकलं असेल तिथे खोड.

हरी